तपकिरीच्या डबीतला सिकंदर

परवा रविवारी अमेरिकेतून धाकट्या चिरंजीवांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर हळूच म्हणाला, "बाबा, ते अलेक्झांडरचं नाणं आहे ना तुमच्याकडे, ते मला द्याल का? पुढच्या वेळी येईन तेव्हा घेऊन जाईन. मुलांना दाखवायला."

मी म्हटलं, "अरे, ते सिकंदरचं नाही. कधीच नव्हतं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अहो पण तुम्हीच तर सांगितलं होतं! सहावीत, सगळ्या वर्गासमोर!"

खरंच आहे ते. मीच सांगितलं होतं. एकदा नव्हे, तर एकवीस-बावीस वर्षं, दर वर्षी. घरात चिरंजीवांना दुरुस्त केलं असेल असं मला वाटत होतं, पण ते राहूनच गेलं की काय! म्हणजे अजूनही निफाड-सिन्नरकडच्या किती घरांत "आमच्या सरांकडे सिकंदरचं नाणं होतं" असं सांगितलं जात असेल देव जाणे. तेव्हा हे सगळं एकदा नीट लिहून टाकावं म्हणून आज बसलो आहे. नातेवाईक मंडळींनीही वाचावं, कारण मामांच्या घरच्या वस्तूची ही गोष्ट आहे.

आमचे थोरले मामा गोदाकाठच्या एका लहान गावात राहात. द्राक्षं यायच्या आधीचा काळ, घरात बाजरी आणि कांदा. मी बी.ए. झालो तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. मामांनी देव्हाऱ्यामागून तपकिरीची एक जुनी पितळी डबी काढली आणि म्हणाले, "भाचेबुवा, तुम्ही इतिहास शिकलात म्हणे. मग हे तुमच्याकडेच असू द्या. आमच्यात कुणाला वाचता येत नाही." डबीत तपकिरीचा वास होता आणि नखाएवढं चांदीचं नाणं होतं. मामांच्या आजोबांपासून ते घरात होतं, एवढंच मामांना ठाऊक. शेतात सापडलं, कुणी गहाण ठेवलं, की बाजारात आलं, काही कळायला मार्ग नाही. हे मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. आता कळतं की नाणं कुठे, कशाबरोबर सापडलं हे हरवलं की त्याची निम्मी साक्ष हरवते.

नाण्याच्या एका बाजूला उजवीकडे पाहणारा चेहरा होता. सरळ नाक, मानेवर केस, अगदी पुस्तकातल्या ग्रीक पुतळ्यासारखा. कडेनं अक्षरं होती, ती देवनागरी नव्हती, मोडी नव्हती, फारसीही नव्हती. पुढे शाळेत लागल्यावर एकदा शिक्षकांच्या खोलीत ते दाखवलं तर आमचे गणिताचे सर उडालेच. "अहो, हा तर पाय!" म्हणाले. आणि खरंच, दोन उभे खांब आणि वर आडवी तुळई, असा ग्रीक पाय स्पष्ट दिसत होता. झालं! अक्षरं ग्रीक, चेहरा ग्रीक, मग ग्रीक राजा कोण? आमच्या पाठ्यपुस्तकात एकच होता. सिकंदर!

तेव्हापासून सहावीच्या वर्गात सिकंदरच्या स्वारीचा धडा आला की मी डबी घेऊन जात असे. पोरं रांगेनं येऊन हातात घेऊन बघत. धडा एरवी पाठ होत नसे, पण त्या दिवशी वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. शिक्षकाला याहून मोठं सुख नाही, हे तुमच्यातल्या मास्तर मंडळींना सांगायला नको.

एका वर्षी, बहुधा १९८८ असेल, मागच्या बाकावरची एक मुलगी नाणं खूप वेळ धरून उभी राहिली. म्हणाली, "सर, इथे डोंगर आहे. आणि खाली नदी आहे. आणि ह्या बाजूला चार गोळे आहेत."

मी नाणं घेतलं, पाहिलं न पाहिलंसं केलं आणि म्हणालो, "दोन हजार वर्षं जुनं आहे ते. झिजून चेपे पडलेत. डोंगर कुठला आलाय? जा, जागेवर बस." वर्ग हसला. ती बसली.

हे सांगितल्यावाचून पुढची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही म्हणून सांगितलं.

२००७ मध्ये निवृत्त झालो आणि हातात वेळच वेळ आला. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरी लागतं. तिथे डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकारानं १९८० साली सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाव ऐकून होतो, पण जायचं कधी जमलं नव्हतं. २००८ च्या पावसाळ्याआधी एक दिवस डबी खिशात टाकून गेलो. मनात थोडी ऐटही होती, खोटं कशाला बोलू!

तिथल्या अभ्यासकांनी नाणं हातात घेतलं. मला वाटलं, आता भिंग लावून वाचतील. पण त्यांनी आधी ते छोट्या काट्यावर ठेवलं. म्हणाले, "सर, आधी वाचायचं नसतं. आधी तोलायचं." दोन ग्रॅमला थोडं कमी भरलं.

"सिकंदरचा द्रम्म सव्वाचार ग्रॅमच्या वर असतो आणि त्याचं मोठं चौपट नाणं सतरा ग्रॅमच्या पुढे. तुमचं झिजलंय, पण निम्म्याहून कमी होण्याइतकं नाही." शिवाय सिकंदरच्या चांदीच्या नाण्यावर जो चेहरा असतो तो हेराक्लीसचा, डोक्यावर सिंहाचं कातडं घेतलेला, आणि मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस, हातावर गरुड. माझ्या नाण्यावर ना सिंह, ना गरुड. बावीस वर्षं मी हे नाणं दाखवत होतो, आणि सिकंदरच्या खऱ्या नाण्याचं एक साधं चित्रही कधी शोधून पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी खिडकीपाशी नेऊन नाणं तिरपं धरलं. उजेड बाजूनं आला की झिजलेलं उठून दिसतं, ही युक्ती तेव्हा शिकलो. आणि म्हणाले, "हे एक नाणं नाही, सर. ह्याच्यावर दोन नाणी आहेत."

खालचं नाणं होतं क्षहरात घराण्यातल्या नहपान क्षत्रपाचं. आणि त्याच्यावर पुन्हा ठसा मारला होता गौतमीपुत्र सातकर्णीनं. चेहऱ्यावर जे 'चेपे' होते ते तीन कमानींचा डोंगर, ज्याला अभ्यासक चैत्य म्हणतात. त्याखालची नागमोडी रेघ. आणि मागच्या बाजूला क्रूसाच्या चार टोकांना चार गोल, ते उज्जैन चिन्ह.

डोंगर, नदी, चार गोळे. मला त्या मागच्या बाकाची आठवण झाली आणि हातातला चहा तसाच राहिला.

आता थोडा इतिहास, कारण तो भलताच रंजक आहे आणि मी तो साठीनंतर शिकलो.

माझा सगळा गोंधळ त्या ग्रीक अक्षरांनी केला. ती खरोखरच ग्रीक आहेत. पण भाषा ग्रीक नाही! ग्रीक अक्षरांत लिहिलंय 'राञो क्षहरातस नहपानस', म्हणजे 'क्षहरात नहपान राजाचं', ते चक्क प्राकृत आहे. आपण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो ना, तोच प्रकार. त्यात एक गंमत आहे. ज्या ग्रीक अक्षराचा उच्चार 'ए' असा आहे, ते इथे 'ह' म्हणून वापरलंय. तेच अक्षर रोमन लिपीत 'ह' असतं. म्हणजे ठसा कोरणाऱ्याच्या किंवा मजकूर लिहून देणाऱ्याच्या डोळ्यांखालून रोमन नाणी गेलेली असणार. मागच्या बाजूला हेच नाव ब्राह्मीत आणि खरोष्ठीत, आणि मध्ये बाण व वज्र. नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या!

हे आलं कुठून? अथेन्सची घुबडाची नाणी तुम्ही चित्रात पाहिली असतील, एका बाजूला अथेना देवी, दुसरीकडे घुबड आणि ऑलिव्हची डहाळी. सिकंदरनं त्याच अथेन्सच्या वजनाचं माप घेतलं आणि ते पूर्वेला आलं. तो स्वतः इसवी सनपूर्व ३२६ मध्ये बियास नदीवरून परत फिरला, पण त्याच्यामागून बॅक्ट्रियात ग्रीक राजे राहिले आणि त्यांतले काही हिंदुकुश ओलांडून खाली उतरले. इकडे आल्यावर त्यांनी द्रम्माचं वजन घटवून अडीच ग्रॅमच्या आसपास आणलं आणि नाणी दोन भाषांत पाडायला सुरुवात केली. पुढे ग्रीक, मागे खरोष्ठी. मिनँडर, म्हणजे आपला 'मिलिंदपञ्ह'मधला मिलिंद, त्याच्या नाण्यावर एकीकडे ग्रीकमध्ये राजा, तारणहार, आणि दुसरीकडे प्राकृतात तेच, महरजस त्रतरस मेनद्रस. ह्याच दुभाषी नाण्यांच्या मदतीनं १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेपनं खरोष्ठीची अक्षरं लावली. प्रिन्सेप टांकसाळीतला माणूस, धातूची पारख करणं हा त्याचा पेशा. नाणी तोलता तोलता लिपी वाचायला शिकला!

ह्या राजांची सत्ता गेली तरी त्यांची नाणी चालतच राहिली. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या सफरीची माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस' म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्यात तो सांगतो की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रम्म अजून चालतात. तोच सांगतो की पैठणहून आणि तेरहून माल गाड्यांत भरून भडोचला येतो, रोमन सोन्या-चांदीची दीनार नाणी तिथे फायद्यानं बदलून मिळतात, आणि कल्याणला एखादं ग्रीक जहाज चुकून आलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात. त्या मुलखाच्या राजाचं नाव त्यानं जे दिलंय ते नहपानाचंच, असं बहुतेक विद्वान मानतात.

म्हणजे नहपानानं नाणं काढलं ते लोकांच्या हातात आधीच खेळत असलेल्या नाण्यासारखं. लोकांना ओळखीचा आकार, ओळखीचा मुखवटा आणि वाचता येवो न येवो, कडेला ती परकी अक्षरं. ती नसती तर बाजारात सराफानं कदाचित नाक मुरडलं असतं! चांदी कुठली, ह्यावर एक तर्क असा की रोमन दीनार वितळवून ही नाणी झाली असावीत. रोममध्ये थोरला प्लिनी कुरकुरत होता की दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थान गिळतो. दक्षिणेत तामिळनाडूकडे ऑगस्टस आणि टायबेरियसची नाणी हंडेच्या हंडे सापडतात, त्या मानानं आपल्याकडे फार थोडी. आपल्याकडे तेरला मात्र रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला मिळाल्या आहेत, दागिन्यासारख्या घालायच्या. पुतळ्यांच्या माळेची हौस किती जुनी आहे बघा!

पुढच्या क्षत्रपांनी हाच मुखवटा चालू ठेवला, पण अक्षरं कोरणाऱ्यांना ग्रीक कळेनासं झालं. अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या, रेघांची नक्षी झाली. तरी ती कुणी काढून टाकली नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी दुसऱ्या चंद्रगुप्तानं क्षत्रपांना बुडवलं आणि त्यांच्यासारखी चांदीची नाणी पाडली, त्यांवरही त्या मेलेल्या अक्षरांचे अवशेष दिसतात. काहीच न सांगणारी अक्षरं तीन शतकं नाण्याची पत सांभाळत राहिली.

आणि शब्द? ग्रीक द्राख्मेचा आपला द्रम्म झाला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त कोष्टक आहे, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. द्रम्माचा दाम झाला, दामाची दमडी झाली. आमच्या मामांच्या गावातला सावकार दामदुप्पट वसूल करायचा तेव्हा त्याला कुठे ठाऊक होतं की तो ग्रीक बोलतोय!

असो. पुन्हा नाण्याकडे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे, दारणा जिथे गोदावरीला मिळते तिथे, चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला. स्कॉट नावाच्या पाद्रीसाहेबांनी १९०८ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. नाव एकच असूनही चेहरे निरनिराळे आहेत, कुणी तरुण, कुणी म्हातारा, कुणाचं नाक बाकदार, हेही त्यांनी टिपलं. नहपानाचा काळ पहिल्या शतकातला की दुसऱ्याच्या आरंभीचा यावर विद्वानांचं भांडण आहे, पण त्याला गौतमीपुत्रानं संपवलं यावर नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, आपला मुलगा क्षहरातांचा वंश निपटून काढणारा होता असं कोरून ठेवलंय. आणि त्याच डोंगरात थोडं पलीकडे नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आहे. त्यात हिशेब दिलाय, ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, पस्तिसाला एक ह्या दरानं. जावयाचा हिशेब आणि शत्रूच्या आईचा अभिमान एकाच डोंगराच्या पोटात! आम्ही शाळेची सहल दर दोन वर्षांनी तिथे नेत होतो. पोरांना पायऱ्या मोजायला लावायचो.

मला विचाराल तर गौतमीपुत्रानं चांदी वितळवली नाही हेच मोठं शहाणपण. वितळवून नवी नाणी पाडली असती तर वेळ गेला असता, घट आली असती. त्याऐवजी तापवलं, ठोकलं, झालं. आणि बाजारात भाजी घेणाऱ्या माणसाला लिहिता-वाचता न येताही कळावं की राजा बदलला आहे. नहपानाचा चेहरा पुसून टाकायचीही गरज नाही. त्याच्या गालावर डोंगर ठेवला की पुरे.

अंजनेरीच्या त्या अभ्यासकांना मी विचारलं, "खोटं तर नसेल?" कारण नाशिकच्या बाजारात ओतीव नाणी किती मिळतात हे मी ऐकून होतो. त्यांनी कड दाखवली. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला जोड दिसतो, अंगावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, अक्षरं लोण्यात काढल्यासारखी गुळगुळीत असतात. ठोकलेल्या नाण्यात धातू कडेकडे सरकल्याच्या खुणा राहतात. माझं ठोकलेलं होतं, दोनदा. फक्त एक विचारलं त्यांनी, "हे कशानं घासलंत?" मान खाली घालून सांगावं लागलं की दर दिवाळीला आमच्या आई चिंच लावून लखलखीत करायच्या. ज्यांच्याकडे अशी वस्तू असेल त्यांनी कृपा करून चिंच, लिंबू, राख काही लावू नका. काळं आहे ते काळंच राहू द्या.

त्या मुलीचं काय, असं तुम्ही विचाराल. २०१९ मध्ये शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, तिथे ती भेटली. मी मुद्दाम नाणं नेलं होतं. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तुझा डोंगर खरा होता, नदी खरी होती, माझंच चुकलं. ती ऐकत राहिली आणि संकोचून म्हणाली, "सर, मला काहीच आठवत नाही. नाणं आठवतं. सिकंदरचं." मग पर्समधून चष्मा काढून तिनं ते पुन्हा पाहिलं, बराच वेळ. ह्या खेपेला मी तिला जागेवर बस म्हटलं नाही.

राहिला चिरंजीवांचा प्रश्न. त्याला म्हटलं, बाबा रे, शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. तो म्हणाला, "एवढंसं नाणं, कोण बघणार?" मी म्हटलं, मी बघणार. मामांनी ते मला दिलं कारण त्यांच्यात कुणाला वाचता येत नव्हतं, आणि मलाही वाचता आलं नाही, तेव्हा आता ते वाचता येणाऱ्यांच्या हवाली करायचं ठरवलं आहे. मामांच्या नातवांशी बोललो, त्यांची हरकत नाही. थोरल्या वहिनींची होती, पण डबी त्यांच्याकडे राहील म्हटल्यावर मिटली.

चिरंजीव जरा नाराज झाला. मग म्हणाला, निदान फोटो तरी पाठवा. खिडकीपाशी तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे काढून पाठवले. रात्री त्याचा निरोप आला, "बाबा, मुलांना डोंगर लगेच दिसला. पण ते नाक कुठे आहे?"

कळवलं, मोबाइल आडवा धर.